सासऱ्यांचं मीठ कमी करायचंय, पण घरात रोज भांडण होतंय

पत्र थोडक्यात असं: फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय. वय 41, घरात नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं, सासू आणि सासरे. सासरे 68 वर्षांचे, अजून रोज सकाळी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जातात. डायबेटीस बरीच वर्षं आहे, आणि तीन महिन्यांपूर्वी तपासणीत बीपी 168/98 निघालं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची गोळी सुरू केली, किडनीचा रिपोर्ट थोडा वर आहे म्हणाले आणि मीठ कमी करा असं सांगितलं. तेव्हापासून ताई सासऱ्यांचं जेवण वेगळं, जवळजवळ अळणी करतात. सासरे दोन घास खाऊन ताट सारतात नाहीतर वरून मीठ घालून घेतात, आणि दुपारी सगळे आडवे झाले की बरणीतली खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या, काढून खातात. सासूबाई म्हणतात, या वयात माणसाच्या तोंडची चव का काढून घेतेस. नवरा म्हणतो, गोळी आहे ना, मग मिठाचं एवढं कशाला. नणंदेने कमी सोडियमवालं मीठ पाठवलंय, आणि शेजारीण सांगते सैंधव वापर, त्याने काही होत नाही. ताईंचा प्रश्न: मीठ खरंच एवढं वाईट असतं का, आणि असेल तर घरात व्हिलन न होता मी हे कसं करू?

ताई, तुमचं पत्र वाचताना मला मिठाच्या आधी तुमचीच काळजी वाटली. दोन वेळा दोन प्रकारचा स्वयंपाक करायचा, कुणी किती खाल्लं ते बघायचं आणि वर बोलणी पण तुम्हीच खायची. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं ते सासऱ्यांना, पण घरी येईपर्यंत ते तुमचं काम होऊन गेलं कारण स्वयंपाक तुमच्याकडे. आणि पत्रात तुम्ही हे धरूनच चालताय की सासऱ्यांच्या पोटात किती मीठ जातं त्याची जबाबदारी तुमची. मला हे मान्य नाही, त्यावर मी येणारच आहे. पण आधी तुमचा पहिला प्रश्न घेते, कारण त्याचं उत्तर नीट कळलेलं असलं की घरात बोलायला बळ येतं.

मीठ वाईट नाही, शरीराला सोडियम लागतंच, नसा आणि स्नायू त्याशिवाय चालत नाहीत. फक्त लागतं ते फार थोडं आणि आपण खातो भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, आणि यात आमटी-भाजीतलं, लोणच्यातलं, पावातलं, फरसाणातलं सगळं धरायचं. जगात मोठी माणसं सरासरी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास खातात. जादा सोडियम बाहेर टाकायचं काम किडनीचं, पण वय झालं, डायबेटीस असला, किडनी थोडी थकली की ते काम मंदावतं, सोडियम अंगात राहतं, आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांमधलं रक्ताचं प्रमाण वाढतं आणि धमन्यांवरचा दाब वर जातो. असा दाब चार दिवस राहिला म्हणून काही बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं राहिला की धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ व्हायला लागतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो म्हणून तिथला स्नायू जाडावतो, आणि मेंदूतल्या, डोळ्यातल्या, किडनीतल्या बारीक वाहिन्या खराब होत जातात. अर्धांगवायू, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर हे सगळं याच वाटेने येतं. आणि हे चालू असताना माणसाला काहीही जाणवत नाही, सासऱ्यांना 168 असताना ते कुळागरात पोफळी बघत फिरतच होते ना. म्हणून "मला तर काही होत नाही" हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते पुरेसं नाही.

आता सासूबाईंचं, की या वयात आता काय फरक पडणार. इथे गंमत अशी आहे की वय जास्त, बीपी आधीच वाढलेलं, डायबेटीस किंवा किडनीचा त्रास असलेला, अशा माणसांमध्येच मीठ कमी केल्याचा परिणाम जास्त दिसतो, तरुण धडधाकट माणसात कमी. 2023 साली अमेरिकेत 50 ते 75 वयाच्या 213 जणांवर एक अभ्यास झाला, त्यांना एक आठवडा भरपूर मिठाचं आणि एक आठवडा फार कमी मिठाचं जेवण दिलं. कमी मिठाच्या आठवड्यात वरचं बीपी जास्त मिठाच्या आठवड्यापेक्षा साधारण 8 ने कमी आलं, आणि त्यात बीपीच्या गोळ्या चालू असलेले लोकपण होते. फक्त एका आठवड्यात, तेही पन्नाशीच्या पुढच्या माणसांत. प्रत्येकाचं उतरलं असं नाही, साधारण चारातल्या तिघांचं उतरलं, पण सासरे त्या तिघांत असायची शक्यता चांगली आहे.

आणि नवऱ्यासाठी पण एक सांगते, कारण तो स्वतःला यातून बाहेर समजतोय. अमेरिकेतच 1990 च्या आसपास तीस ते चोपन्न वयाच्या, बीपी जरासं वरच्या बाजूला असलेल्या लोकांना मीठ कमी करायला शिकवलं होतं, त्यांनी पाव ते एक तृतीयांश सोडियम कमी केलं. नंतर दहा-पंधरा वर्षांनी बघितलं तर ज्यांना शिकवलं त्यांच्यात हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार न शिकवलेल्यांपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी निघाले. म्हणजे सासऱ्यांचा मुलगा आज ज्या वयात आहे त्या वयातलं मीठ पुढे कामाला येतं. त्याचं बीपी शेवटचं कधी तपासलं ते त्याला जरूर विचारा.

म्हणून मला वाटतं तुमची पहिली अडचण इथे आहे, की तुम्ही मीठ हे सासऱ्यांचं पथ्य केलंय. एकट्या माणसाचं वेगळं भांडं आलं की तो आजारी, बाकीचे बरे, आणि घरातला कर्ता माणूस असेल तर त्याला ते अपमानासारखं वाटतं, मग तो वरून मीठ घालतो, चोरून खातो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा. शिवाय तुम्ही एकदम अळणीवर गेलात. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत भरपूर मीठ खाणारी जीभ एका रात्रीत बदलत नाही, तिला दोन-तीन महिने लागतात, पण तेवढे दिल्यावर ती खरंच बदलते, पूर्वीचं जेवण खारट लागायला लागतं. वेगळं भांडं बंद करा. सगळ्यांचं एकच हुमण (माशांची आमटी), एकच भाजी, आणि त्या एका भांड्यातलं मीठ हळू हळू खाली. आज तुम्ही अंदाजाने घालता ते आधी चार दिवस चमच्याने मोजा, मग दर दोन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी करा, कुणाला सांगू नका की आज कमी केलं, बहुतेकांना कळत पण नाही. ब्रिटनमध्ये 2003 पासून हेच देशभर केलं, ब्रेडमधलं आणि पाकिटातल्या पदार्थांमधलं मीठ कंपन्यांकडून थोडं थोडं उतरवत नेलं आणि 2011 पर्यंत माणशी रोजचं मीठ 9.5 ग्रॅमवरून 8.1 वर आलं, लोकांनी आरडाओरडा केला नाही. त्याच काळात तिथलं सरासरी बीपी आणि स्ट्रोकचे, हृदयविकाराचे मृत्यूही खाली आले, सगळं श्रेय मिठाला देता येणार नाही, पण त्याचा वाटा होता.

यात तुमचा वेगळा स्वयंपाक वाचतो ते आहेच, पण मुलांची जीभ आत्तापासूनच कमी मिठाची होते हा मला त्याहून मोठा फायदा वाटतो.

आता मीठ नक्की येतं कुठून ते बघूया, कारण तुम्ही सगळी ताकद आमटी-भाजीवर लावलीय. एक सोपा हिशोब करा. तुमच्या घरात सहा माणसं, माणशी 5 ग्रॅम म्हणजे दिवसाला 30 ग्रॅम, म्हणजे एक किलोचं मिठाचं पॅकेट तेहेतीस दिवस तरी चालायला हवं, आणि ते पण बाहेरचं खारट काहीच खाल्लं नाही असं धरून. नवीन पॅकेट फोडाल तेव्हा त्याच्यावर पेनने तारीख लिहा. ते सतरा-अठरा दिवसांत संपलं तर माणशी साडेनऊ ग्रॅम झालं. मासे साफ करताना, लावून ठेवताना जे मीठ धुवून जातं ते थोडं वजा करा, पण आकडा एकदा डोळ्यासमोर आला की कुणाशी वाद घालायची गरज राहत नाही. नवऱ्याला पण तारीख वाचता येते.

आणि या पॅकेटच्या बाहेर जे आहे ते आपल्या गोव्याच्या घरात बरंच मोठं आहे. तोरं तर आहेतच, ती महिनोन् महिने मिठाच्या पाण्यातच बसलेली असतात. मग पावसाळ्याची बेगमी, आपलं पुरुमेंत: जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून मे महिन्यात खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (बारीक सुका जवळा), सांडगे, पापड, लोणची सगळं भरून ठेवतो, आणि मग सकाळच्या पेजेबरोबर लोणचं, दुपारी किसमूर, रात्री भाजलेला खारा बांगडा असं होऊन जातं. त्यात सोलकढी, जी आपण पथ्याची समजतो, पण बाटलीतलं आगळ (कोकमाचा घट्ट रस) टिकावं म्हणून त्यात मीठ अगदी भरपूर घातलेलं असतं, आगळाच्या सोलकढीत तुम्ही वरून मीठ नाही घातलं तरी ती खारट लागते ती त्यामुळे. मीठ न लावलेली सोलं भिजवून केलीत तर हा प्रश्न सुटतो, घेताना एक तोंडात टाकून बघा. उंडे आणि पोई हे आपले पाव खारट लागत नाहीत पण पिठात मीठ असतंच, दिवसाला चार-पाच खाणाऱ्याच्या हिशोबात ते मोजावं लागतं. फरसाण, चिवडा, नूडल्स, सॉस याबद्दल वेगळं सांगायला नको. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा येतो, म्हणजे 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. आणि पित्त झालं म्हणून पाण्यात टाकून फसफसवून पितो ती पावडर, त्यात पण सोडियमच असतं, सासरे रोज घेत असतील तर ते पण बघा.

म्हणून माझं म्हणणं असं की हुमणातलं चिमूटभर मीठ कमी करून भांडण ओढवून घेण्यापेक्षा आधी या तीन-चार मोठ्या गोष्टींवर हात टाका. खारा बांगडा करायच्या आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी फेका, परत एकदा भिजवा, सगळं मीठ जात नाही पण बरंच जातं. मीठ न लावता नुसती उन्हात वाळवलेली सुंगटं पण मिळतात, विकणाऱ्या बाईला विचारून घ्या. तोरं पूर्ण बंद करू नका, बंद केलीत म्हणून तर ती दुपारी चोरून खाल्ली जातायत. आठवड्यातून एखादं, सगळ्यांच्या समोर, फोडी करून पाण्यात ठेवून मग ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून चटणी, ती सगळ्यांना थोडी थोडी. यंदा बरणी भरताना अर्धीच भरा, आणि हे सासूबाईंनी ठरवू द्या, बरणी त्यांची आहे.

सासूबाईंबद्दल जरा जास्त बोलते. तुम्ही त्यांना समोरच्या बाजूला धरलंय, पण त्या जे म्हणतात ते चुकीचं नाही, माणसाच्या तोंडची चव जाऊ नये हे बरोबरच आहे. चव फक्त मिठाने येते हे मात्र बरोबर नाही, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. बांगड्याच्या हुमणात तिरफळं, खतखत्यात तिरफळं, ताजं वाटलेलं खोबरं, आलं, लसूण, हिरवी मिरची, जेवताना वरून पिळलेलं लिंबू, माडाचं व्हिनेगर, चिंच, यांच्या जोरावर मीठ कमी केलेलं लपून जातं. त्यांना सांगा, आई, मला मीठ कमी घालून यांना आवडेल असं हुमण करायचंय, तुम्ही दाखवा. एकदा त्या स्वयंपाकघरात तुमच्या बाजूला उभ्या राहिल्या की निम्मी लढाई संपली. मीठ शेवटी घालायची सवय पण करा, सुरुवातीला घालून मग चव बघून परत घालतो त्यात जास्त जातं. एक जपून: आंबटाला बिंबलं (बिलिंबी) आणि करमलं (स्टारफ्रूट) सासऱ्यांना नको, त्यांत ऑक्झलेट खूप असतं, किडनीचा रिपोर्ट वर असलेल्या माणसाला ते त्रासाचं ठरू शकतं, आणि त्यांचा रस तर अजिबात नको.

आता सैंधव. शेजारीण चांगल्या मनाने सांगते, पण सैंधव म्हणजे पण जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच, दुसरी खनिजं नावापुरती. बीपीला साधं मीठ जे करतं तेच सैंधव करतं, वर त्यात बहुतेक वेळा आयोडीन नसतं. आपल्या मिठागरांतलं जाडं मीठ, आगराचं मीठ, ते पण तसंच, मला त्याची चव आवडते आणि आगरं टिकावी असं मनापासून वाटतं, पण ते औषध नाही, आणि त्यात आयोडीन घातलेलं नसतं. घरातलं रोजचं मीठ आयोडीनवालं ठेवा आणि कमी ठेवा.

नणंदेच्या पॅकेटचं मात्र नीट ऐका, कारण इथे चूक झाली तर महागात पडते. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. वस्तू चांगली आहे. चीनमध्ये 600 खेड्यांत जवळपास 21 हजार लोकांवर याचा अभ्यास झाला, आधी स्ट्रोक येऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे बीपीवाले लोक, निम्म्या खेड्यांना पाव हिस्सा पोटॅशियमवालं मीठ दिलं, आणि साधारण पाच वर्षांत स्ट्रोक 14 टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू पण कमी झाले. 2021 साली ते प्रसिद्ध झालं. 2025 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने पण असं मीठ वापरायला हरकत नाही असं सुचवलं, पण किडनीचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना त्यातून वगळून. आणि चीनच्या त्या अभ्यासात पण किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना घेतलेलं नव्हतं. तुमच्या सासऱ्यांना डायबेटीस आहे, किडनीचा रिपोर्ट वर आहे, आणि टेल्मिसार्टन ही गोळी स्वतःच रक्तातलं पोटॅशियम थोडं वाढवते. तिन्ही एकत्र असताना वरून पोटॅशियमचं मीठ घातलं तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ते पॅकेट सध्या तुमच्या घरात उघडू नका, डॉक्टरांनी पोटॅशियम तपासून स्पष्ट हो म्हटलं तरच. घरात दोन डबे ठेवून "त्यांना हे, आम्हाला ते" असं पण करू नका, घाईत अदलाबदल होते, आणि दोन मुलंही आहेतच. हे मी तुमच्यासाठी लिहितेय पण इतरांनी पण वाचावं, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली आलेल्या देशव्यापी पाहणीत डायबेटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, 26.4 टक्के, आणि डायबेटीसबरोबर किडनीचा त्रास येतो हे आपल्या घराघरांत दिसतंच. असं मीठ दुकानात कुणालाही मिळतं, कोणी विचारत नाही तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा, किती म्हणून.

नवऱ्याचं म्हणणं, गोळी आहे ना. गोळी हवीच, मीठ कमी केलं म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करायची नाही हे आधी सांगते. पण टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या मीठ भरपूर असलं की नीट काम करत नाहीत, आणि मीठ कमी असलं की तीच गोळी जास्त चालते. मग बीपी उतरत नाही म्हणून दुसरी गोळी, तिसरी गोळी, असं होत जातं.

सासरे विचारतील, मी घाम गाळतो, मला मीठ नको का. प्रश्न रास्त आहे, मे महिन्यात कुळागरात कपडे पिळून काढावे लागतात. पण शरीर सवयीने घामातलं सोडियम वाचवायला शिकतं, आणि सकाळी दोन-तीन तास बागेत फिरून येणाऱ्या माणसाला 5 ग्रॅमच्या आसपासचं मीठ पुरतं, त्याला जास्त गरज पाण्याची असते. पूर्ण अळणी मात्र मी पण सांगणार नाही. फार कमी मीठ खाणाऱ्यांत पण धोका वाढलेला दिसला असं काही मोठ्या पाहण्यांत आलंय, त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीवर तज्ञांत वाद आहे, आजारी माणूस मुळातच कमी खातो हा पण मुद्दा आहे. आणि 2022 साली हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सोडियम 1500 मिलिग्रॅमच्या खाली नेऊन मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. तुमच्या घरात समजा साडेनऊ ग्रॅम असेल तर त्यावरून सहा-पाचवर यायचंय, शून्यावर जायचं नाहीये. उठताना गरगरायला लागलं, खूप गळून गेल्यासारखं वाटलं, बोलण्यात गोंधळ दिसला, उलट्या झाल्या तर मात्र लगेच डॉक्टरकडे न्या, म्हाताऱ्या माणसात सोडियम खूप खाली गेलं तरी असं होतं, विशेषतः पुढे कधी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी सुरू झाली तर.

आता ती जबाबदारीची गोष्ट. 68 वर्षांचा माणूस, स्वतःचं कुळागर सांभाळतो, त्याच्या तोंडात काय जातं त्यावर सुनेने पहारा करायचा हे ना त्यांना शोभतं ना तुम्हाला झेपतं. तुमच्या हातात घरचं भांडं आहे, बरणीवर नजर ठेवायचं काम तुमचं नाही. त्यांच्या हातात काहीतरी द्या. एक बीपीचं मशीन घ्या, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको, आणि ते त्यांच्या ताब्यात द्या. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, त्याआधी अर्धा तास चहा नाही, हात छातीच्या पातळीवर टेबलावर, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत त्यांनीच लिहायचं, आठवडाभर. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेलं 135/85 च्या वर राहत असेल तर ते वाढलेलंच धरतात, त्यांच्यासाठी नक्की किती हवं ते डॉक्टर सांगतील. मग त्यांना म्हणा, बाबा, आता तीन आठवडे खारा बांगडा आणि तोरं आठवड्यातून एकदाच, आणि परत मोजूया. सुपारीचा भाव वर्षानुवर्षं वहीत उतरवणारी माणसं आहेत ही, स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा त्यांना आपल्या बोलण्यापेक्षा जास्त पटतो. मीठदाणी ताटाजवळून सगळ्यांसाठीच उचला, पण त्यांना हवी असेल तर एका लहान डबीत रोज पाव चमचा मीठ त्यांचं म्हणून द्या, सव्वा ग्रॅमच्या आसपास होतं, कुठे घालायचं ते त्यांनी ठरवावं. वरून भुरभुरलेलं मीठ जिभेला लगेच लागतं म्हणून थोडक्यात समाधान होतं, आणि डबी संपली की संपली. आकडा खाली नाही आला तर तो पण त्यांनीच डॉक्टरांना दाखवावा, तो तुमच्या स्वयंपाकाचा निकाल नव्हे. आणि हे सगळं करून पण ते चोरून खातील कधीतरी, खाऊ द्या. रोजचं उतरलं असेल तर एका दुपारच्या तोराने काही होत नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे त्यांच्याबरोबर तुमच्या नवऱ्याला पाठवा, तुम्ही जाऊ नका. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन या तीन तपासण्या कधी करायच्या ते त्याने विचारावं, वही दाखवावी. आणि एक विचारायचं राहून जातं: गुडघे दुखतात म्हणून सासरे फार्मसीतून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेतात का? या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनबरोबर किडनीला त्रास देतात, त्यामुळे घेत असतील तर डॉक्टरांना सांगून दुसरं काय घ्यायचं ते लिहून आणावं.